कठड्यापलीकडचा समुद्र : जालन्यातील एक संवाद

प्रवासी जहाजावरील निवासाची खोली, जिला क्रूझच्या व्यवहारात केबिन म्हणतात, ढोबळमानाने चार प्रकारची असते : जहाजाच्या पोटातील बिनखिडकीची अंतर्गत केबिन, न उघडणाऱ्या काचेची, केवळ पाहण्यापुरती खिडकी असलेली केबिन, समुद्राकडे उघडणारे दार आणि त्यापलीकडे दोन खुर्च्या मावतील एवढा सज्जा असलेली बाल्कनी केबिन, आणि बैठकीची जागा वेगळी असलेला सूट. यांपैकी तिसऱ्या प्रकाराचा प्रसार फार जुना नाही. १९८४ साली सेवेत आलेल्या ‘रॉयल प्रिन्सेस’ या जहाजावर सर्वच केबिन बाहेरच्या बाजूस ठेवून त्यांपैकी अनेकींना बाल्कनी देण्यात आली आणि पुढील दशकांत जहाजबांधणीचा कल तिकडेच वळत गेला. मुंबईतून सप्टेंबर २०२१पासून फेऱ्या करू लागलेले कॉर्डेलिया क्रूझेसचे ‘एम्प्रेस’ हे जहाज मात्र १९९० साली ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने फ्रान्समध्ये बांधले गेलेले, म्हणजे या बदलाच्या उंबरठ्यावरचे आहे. त्यामुळे अकरा डेक आणि सुमारे १८०० प्रवाशांची सोय असूनही त्यावर बाल्कनीच्या केबिन तुलनेने थोड्याच आहेत, आणि थोड्या वस्तूंतून निवड करताना ती नीट पारखून करावी लागते.

१ मे १९८१ रोजी स्वतंत्र झालेला जालना जिल्हा समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, दख्खनच्या काळ्या मातीवर वसलेला आहे. त्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते, आणि डोळ्यांत मावणार नाही एवढे पाणी पाहायचे तर येथील माणूस शेजारच्या पैठणला जाऊन नाथसागर पाहतो. असे असूनही ‘बंदर’ हा शब्द या जिल्ह्याला आता परका राहिलेला नाही, कारण मालाचे कंटेनर आतल्या भागातच भरून पुढे सागरी बंदराकडे पाठवता यावेत म्हणून योजलेल्या ड्राय पोर्टची, म्हणजे कोरड्या बंदराची, पायाभरणी डिसेंबर २०१५मध्ये येथेच झाली. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्णपणे खुला झाल्यापासून सकाळी जालन्यातून निघालेले कुटुंब दुपारी मुंबईच्या धक्क्यावर पोहोचू शकते. त्यामुळे कोणती केबिन घ्यावी, हा एकेकाळी किनाऱ्यावरच्या श्रीमंतांपुरता असलेला प्रश्न आज बियाणे, पोलाद आणि मोसंबीच्या या मुलखातील घरांतही विचारला जाऊ लागला आहे. पुढील संवादात या प्रश्नाच्या दोन बाजू एकाच कुटुंबातील दोघांच्या मुखी घातल्या आहेत. एक अंबडचे निवृत्त भूगोल शिक्षक असलेले काका, आणि दुसरी जालना शहरात बियाण्यांच्या व्यवसायात असलेली त्यांची पुतणी. आजीसह पाच जणांनी दिवाळीनंतर मुंबईहून तीन रात्रींच्या सागरी सफरीला जावे एवढे ठरलेले आहे. केबिनचे ठरायचे आहे.

काका : बाल्कनीसाठी जादा पैसे मोजण्याआधी त्या पैशांत नेमके काय पदरात पडते, याचा हिशेब मांडला पाहिजे. तीन रात्रींची सफर म्हणजे सुमारे बहात्तर तास. नोव्हेंबर-डिसेंबरात मुंबईच्या अक्षांशावर दिवस अकरा तासांच्या आसपास असतो, म्हणजे उजेडाचे तास तेहतीस. त्यांतून बंदरावर उतरण्याचा दिवस, जेवणखाणाच्या वेळा आणि दुपारची झोप वजा केली, तर बाल्कनीत बसून समुद्र पाहायला दहा-बारा तासच उरतात. उलट जहाजाचा सर्वांत वरचा उघडा डेक सगळ्यांना मोकळा असतो, तेथून चारही दिशा दिसतात आणि त्याचे वेगळे भाडे पडत नाही. समुद्र कोणाच्या सातबाऱ्यावर चढत नाही. मग त्याचा एक तुकडा चौकटीत बसवून विकत का घ्यावा?

पुतणी : काका, हिशेब बरोबर आहे, पण तो घड्याळाचा आहे. वरच्या डेकवर पोहण्याचा तलाव असतो, मोठ्या आवाजातले संगीत असते, खुर्च्या अडवून बसलेली माणसे असतात. तेथे समुद्र दिसतो, पण त्याच्यासमोर निवांत बसता येत नाही. भल्या पहाटे जाग आल्यावर अंगावर शाल घेऊन दार सरकवावे आणि समोर नुसते पाणी असावे, याची किंमत तासांवर काढता येणार नाही. २०१२-१३च्या दुष्काळात ज्या घराने टँकरच्या आवाजाकडे कान लावून रात्री काढल्या, त्या घरातल्या माणसांना अपार पाण्यासमोर शांतपणे बसायला मिळावे, ही अपेक्षा फार मोठी नाही.

दोन्ही मतांत तथ्य आहे, परंतु दोहोंच्या मुळाशी एक समान गृहीतक दडलेले आहे, ते असे की देखावा हा केबिनचा कायमचा गुण आहे, जसा खोलीचा आकार किंवा पलंगाची रुंदी. वास्तविक घराच्या गच्चीवरून दिसणारे दृश्य स्थिर असते, कारण घर स्थिर असते. जहाजाच्या बाल्कनीतून दिसणारे दृश्य मात्र जहाज कोणत्या दिशेला, कोणत्या वेळी, किनाऱ्यापासून किती अंतरावरून जात आहे यावर क्षणोक्षणी ठरत असते. म्हणून बाल्कनी घ्यावी की न घ्यावी या प्रश्नाच्याही आधी, कोणत्या बाजूची घ्यावी, हा प्रश्न येतो.

काका : भूगोलाने सांगायचे तर पुढच्या टोकाकडे तोंड करून उभे राहिल्यावर डावीकडे येते ती पोर्ट बाजू आणि उजवीकडे येते ती स्टारबोर्ड बाजू. मुंबईहून दक्षिणेला निघालेल्या जहाजाच्या डावीकडे कोकणचा किनारा आणि उजवीकडे खुला अरबी समुद्र. परतताना हे नेमके उलटे होते. आपला किनारा अगदी उत्तर-दक्षिण नाही, तो किंचित आग्नेयेकडे झुकलेला आहे, आणि हिवाळ्यात सूर्य पश्चिमेच्या थोडा दक्षिणेला मावळतो. त्यामुळे जाताना उजव्या बाजूच्या बाल्कनीसमोर सूर्यास्त जवळजवळ काटकोनात, मान न वळवता दिसतो. याउलट डाव्या बाजूस पहाट उजाडते.

पुतणी : मग उजवी बाजूच घ्यावी, हे उघड झाले.

काका : एवढे सोपे नाही. बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावरून सुटल्यावर पहिला तास-दीड तास जहाज मुंबईच्या बंदरातूनच चालते. तेव्हा उजव्या हाताला गेटवे ऑफ इंडिया, ताजमहाल हॉटेल, कुलाबा आणि शेवटी प्राँग्सचे दीपगृह लागते, तर डाव्या हाताला घारापुरीचे बेट आणि उरण-करंजाच्या टेकड्या. संध्याकाळी निघाल्यास सूर्य शहराच्या मागे असतो, म्हणजे उजवीकडच्या इमारती काळ्या आकृतींसारख्या दिसतात. पण तोच तिरपा उजेड घारापुरीवर आणि टेकड्यांवर पाहणाऱ्याच्या पाठीमागून पडतो, त्यामुळे डावीकडचा हिरवा-तपकिरी रंग आणि दगडांच्या घड्या स्पष्ट होतात. प्रकाश पाहणाऱ्याच्या पाठीमागून येतो तेव्हा तपशील दिसतो आणि समोरून येतो तेव्हा आकार दिसतो, हा नियम शेतातही लागू आहे; सकाळी पूर्वेकडे तोंड करून कपाशीवरची कीड सापडत नाही.

बाजू निवडण्याची ही विवंचना नवी नाही. इंग्लंड-मुंबई मार्गावरच्या आगबोटींच्या काळी श्रीमंत प्रवासी जाताना पोर्ट आणि परतताना स्टारबोर्ड बाजूची सावलीतली केबिन घेत आणि त्या शब्दांच्या आद्याक्षरांतून इंग्रजीतील ‘पॉश’ हा शब्द झाला, अशी एक कथा फार प्रचलित आहे. कोशकारांना तिच्यासाठी पुरावा सापडलेला नाही, त्यामुळे व्युत्पत्ती म्हणून ती टिकत नाही. तथापि ती इतकी लोकप्रिय झाली यावरून एवढे कळते की जहाजाची बाजू ही सूर्याच्या संदर्भात निवडायची असते, ही समज प्रवाशांना पटण्याजोगी वाटत आली आहे.

पुतणी : सूर्याचा विचार झाला, पण आपल्याकडे सफरीची तारीख पंचांग पाहूनही ठरवता येईल. दिवाळीनंतरची पहिली पौर्णिमा म्हणजे त्रिपुरी पौर्णिमा. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारासच पूर्वेला उगवतो, म्हणजे त्या संध्याकाळी उजव्या बाल्कनीला सूर्यास्त आणि डाव्या बाल्कनीला चंद्रोदय, आणि डावीकडे तर मध्यरात्रीपर्यंत पाण्यावर चांदण्याचा पट्टा. अमावास्येला निघालो तर चंद्र नाही, पण तारे भरपूर. मात्र तेव्हा बाल्कनीतला आणि खोलीतला दिवा मालवावा लागेल, नाहीतर अंधारात काहीच दिसणार नाही.

काका : तिथीचा मुद्दा उत्तम आहे आणि तो जहाजकंपनीच्या माहितीपत्रकात सापडणार नाही. पण किल्ले पाहायला मिळतील या आशेने डावी बाजू घेणार असशील, तर एक सावधगिरी. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदवलेल्या मराठा लष्करी स्थळांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे जलदुर्गही आहेत, आणि ते सगळे याच किनाऱ्यावर आहेत. तरीही जहाज अनेकदा किनाऱ्यापासून वीस-तीस किलोमीटर किंवा त्याहूनही दूर चालते आणि तो पल्ला बहुधा रात्री कापते. खांदेरी बंदराच्या तोंडाशी असल्याने उजेड असेल तर दिसू शकेल. बाकीच्यांच्या दिशेला नुसता अंधार आणि मधूनच दीपगृहाचा झोत.

येथे दृष्टीच्या पल्ल्याचे साधे गणित समजून घेणे उपयोगाचे ठरते. पृथ्वी गोल असल्यामुळे पाहणाऱ्याचा डोळा पाण्यापासून जितके मीटर उंच, त्या संख्येच्या वर्गमूळाला ३.५७ने गुणले असता क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते निघते. ९ मीटर उंचीवरून क्षितिज सुमारे ११ किलोमीटरवर असते, १६ मीटरवरून १४ आणि २५ मीटरवरून सुमारे १८ किलोमीटरवर. याचा अर्थ असा की उंची जवळजवळ तिप्पट केली तरी पल्ला दुपटीलाही पोहोचत नाही. दूरची वस्तू स्वतः उंच असेल तर तिच्याही उंचीचा तसाच हिशेब त्यात मिळवावा लागतो, म्हणूनच समुद्रसपाटीपासून १०० मीटर उंचावरचा दीपगृहाचा दिवा २५ मीटरवरच्या बाल्कनीतून, हवा स्वच्छ असल्यास, पन्नास किलोमीटरवरूनही दिसू शकतो, आणि पाण्यालगत बांधलेला जलदुर्ग मात्र त्याच्या निम्म्या अंतरावरूनही दिसेलच असे नाही.

पुतणी : म्हणजे वरच्या मजल्याची बाल्कनी महाग असली तरी त्या प्रमाणात जास्त दिसत नाही.

काका : दूरचे थोडे जास्त दिसते, पण जवळचे हरवते. जहाजाच्या अंगाला घासत जाणारा फेस, पाण्यातून उसळणारे मासे, लाटेचा बदलता रंग हे खालच्या डेकवरून दिसते. मोसंबीच्या बागेकडे विमानातून पाहिले तर हिरव्या ठिपक्यांच्या रांगा दिसतात. फळाला रंग चढला आहे का, हे बांधावरूनच कळते.

आतापर्यंत उघड्या डेकची बाजू मांडणारे काका केबिनच्या उंचीचा विचार करू लागले आणि बाल्कनीचा आग्रह धरणारी पुतणी तिच्या मर्यादा मान्य करू लागली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. वादाचा पुढचा टप्पा डेक-प्लॅनवर, म्हणजे प्रत्येक मजल्यावरील केबिनचा क्रम दाखवणाऱ्या आराखड्यावर झाला. आराखडा एका डेकचा पाहून भागत नाही; त्याच्या वरचा आणि खालचा असे तीन डेक एकाखाली एक ठेवून पाहावे लागतात. पुतणीने तिन्हींच्या छापील प्रती जेवणाच्या टेबलावर पसरल्या आणि पेन्सिलीने खुणा केल्या.

पुतणी : इथे जहाजाच्या बाहेरच्या रेषेलगत हे लांबट गोल दिसतात, ते लाइफबोटी, म्हणजे संकटकाळी उतरवायच्या नौका. त्या ज्या मजल्यावर टांगलेल्या असतात, त्या मजल्यावरच्या आणि लगतच्या मजल्यावरच्या केबिनसमोर समुद्राच्या जागी नौकेचे रंगवलेले छप्पर किंवा ती धरून ठेवणारे पोलादी हात येऊ शकतात. अशा केबिनला अडथळ्याच्या दृश्याची केबिन म्हणतात आणि तिचे भाडे कमी असते. दुसरी गोष्ट, तलावाचा डेक खालच्या मजल्यांपेक्षा बाहेर आलेला असेल, तर त्याच्या लगेच खालच्या बाल्कनीवर छत येते. सावली मिळते, पण आकाश कापले जाते, आणि पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज थेट डोक्यावर. तिसरी गोष्ट, ‘गॅरंटी’ या नावाने मिळणारे स्वस्त आरक्षण घेतले तर केबिनचा प्रकार आपण निवडतो, नेमकी खोली मात्र कंपनी ठरवते. मग एवढा सगळा अभ्यास वाया.

काका : आणि टोकाच्या केबिन? नकाशात अगदी मागच्या टोकाच्या बाल्कन्या ऐसपैस दिसतात.

पुतणी : मागून जहाजाने पाण्यात उमटवलेली पांढरी वाट दिसते, ती फार सुंदर असते, पण यंत्राची थरथर तिथेच जास्त जाणवते. पुढच्या टोकाला जहाज चालण्याचा सगळा वारा समोरून येतो. सोळा नॉट वेग म्हणजे ताशी जवळपास तीस किलोमीटर, आणि हवा शांत असली तरी तेवढा वारा बाल्कनीत सतत राहणार.

काका : शिवाय लाटेचे हेलकावे. एस.टी.च्या शेवटच्या सीटवर बसणाऱ्याला प्रत्येक खड्डा कळतो आणि दोन चाकांच्या मध्ये बसणाऱ्याला तोच खड्डा सौम्य वाटतो. जहाजही स्वतःच्या मध्याभोवती पुढे-मागे झुलते, म्हणून मधल्या भागातली आणि फार उंच नसलेली केबिन सर्वांत स्थिर. माझ्या आईला, म्हणजे तुझ्या आजीला, समुद्राची भीती आहे, आणि ती भीती तिच्या पिढीला उगाच बसलेली नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट उधाणात एका अंगावर कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब आपल्याच जिल्ह्यात असल्यामुळे, ते नाव घेऊन बुडालेल्या बोटीची गोष्ट ऐकताना आपल्याकडची जुनी माणसे आजही हळहळतात.

या उल्लेखाचा हेतू भीती वाढवण्याचा नाही. ‘रामदास’ ही पावसाळी समुद्रात, माणसांनी खच्चून भरलेली लहान फेरीबोट होती; आजची क्रूझ जहाजे आकाराने कित्येक पट मोठी असतात, बहुतेकांच्या पोटाला पाण्याखाली झोका कमी करणारे पंख असतात, आणि पश्चिम किनाऱ्यावरील सफरी प्रामुख्याने पावसाळा सोडून, समुद्र शांत असताना होतात. मात्र वृद्ध माणसाची भीती आकडे सांगून जात नाही, तिला जागा बदलून कमी करावे लागते. मधली केबिन हा त्या दृष्टीने देखाव्याइतकाच महत्त्वाचा निकष ठरतो. आणि येथूनच संवाद त्याच्या खऱ्या प्रश्नापाशी येतो : हा देखावा पाहणार कोण ?

पुतणी : काका, तुमचे उघड्या डेकचे म्हणणे आपल्या चौघांपुरते मान्य. आपण पहाटे उठून वर जाऊ, सूर्यास्ताला एका बाजूला आणि चंद्रोदयाला दुसऱ्या बाजूला धावू, गोव्यात मुरगाव बंदरात शिरताना डावीकडे आग्वाद आणि उजवीकडे मुरगावची टेकडी दोन्ही पाहू. एका बाल्कनीतून हे सगळे दिसणारच नाही. पण आजी ? एकेकाळी नाथषष्ठीला पैठणपर्यंत चालत जाणारी आजी आता गुडघ्यांमुळे घरातल्या घरात काठी टेकत चालते. लिफ्ट असली तरी लिफ्टपर्यंतची लांब बोळ, गर्दी, वाऱ्यात डेकवर उभे राहणे हे तिला जमणार नाही. आपण देखाव्याकडे जाऊ शकतो. तिच्याकडे देखावा यायला हवा.

काका : (थोडे थांबून) हे मान्य करावेच लागेल. समुद्र सर्वांचा आहे, असे म्हणताना त्याच्यापर्यंत चालत जाण्याची ताकद सर्वांना आहे, असे धरून चाललो होतो. आता निकष पुन्हा लावून पाहू. बाल्कनी एकच, आईसाठी, आणि तिच्यासोबत काकू. बाकीच्यांनी अंतर्गत केबिनमध्ये राहावे आणि वर उघड्यावर जावे. पण मग आणखी दोन गोष्टी कंपनीला विचारून घ्यायला हव्यात. पहिली, बाल्कनीच्या दाराचा उंबरा. पाणी आत येऊ नये म्हणून तो पुष्कळदा उंच ठेवतात, आणि गुडघ्याच्या दुखण्यात चार बोटांचा उंबराही डोंगर होतो. वृद्धांसाठी आणि चाकाच्या खुर्चीसाठी राखलेल्या केबिनमध्ये तो सपाट किंवा उताराचा असतो का, हे स्पष्ट विचारावे. दुसरी गोष्ट कठड्याची.

पुतणी : कठड्याचे काय ?

काका : आतापर्यंत आपण सगळा विचार उभ्या माणसाचा केला. क्षितिजाचे गणित, बाजू, मजला, सगळे. उभ्या माणसाला कठडा कमरेच्या वर येतो आणि त्यावरून समुद्र दिसतो. आई बसणार आहे.

पुतणीने आतून शिवणाची टेप आणली. आजी रोजच्या वेताच्या खुर्चीत, पाठ टेकून बसलेल्या होत्या. जमिनीपासून त्यांच्या डोळ्यांपर्यंतचे अंतर भरले तीन फूट सात इंच, म्हणजे सुमारे १०९ सेंटिमीटर. जहाजावरील कठडा साधारण तेवढाच उंच असतो. तो भरीव पोलादाचा असेल, तर चांगल्या बाजूची, मधल्या भागातली, योग्य मजल्यावरची आणि पौर्णिमेच्या रात्रीची बाल्कनी घेऊनही खुर्चीत बसलेल्या आजींना समोर रंगवलेला पत्रा आणि त्याच्या वर आकाशाची पट्टी एवढेच दिसेल. तो काचेचा असेल, तर त्याच खुर्चीतून पायांपासून क्षितिजापर्यंत पाणी दिसेल.

केबिन निवडण्याचे जे निकष या संवादातून हाती आले, ते सर्व खरे आहेत आणि ते याच क्रमाने लावता येतात : आधी मार्ग आणि वेळ, मग बाजू, मग मजला, मग वरखालचे अडथळे, मग हेलकावे. परंतु ते सर्व लावून झाल्यावरही अखेरचे माप जहाजावर घेता येत नाही, ते घरी, पाहणाऱ्या माणसाला त्याच्या सवयीच्या खुर्चीत बसवूनच घ्यावे लागते. काकांनी डेक-प्लॅनच्या समासात ‘१०९’ हा आकडा लिहिला, त्याखाली रेघ मारली आणि दुसऱ्या दिवशी आरक्षणाच्या कार्यालयात विचारायच्या प्रश्नांत पहिला प्रश्न म्हणून लिहिले : कठडा काचेचा आहे का ?